शाळेला सुट्टी असते तेव्हा वीटभट्टीवरची मुलं काय खातात?

नागलीभाकर

मंडळी, मी वाडा-भिवंडी पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दिवाळी झाली की आमच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबं येतात. बहुतेक कातकरी, काही वारली. पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांची थोडी मुलं आमच्या शाळेत येतात, बरीचशी येतच नाहीत.

सोमवारी आमच्याकडे खिचडी कमी पडते. पट तोच, तांदूळ तेवढाच, पण सोमवारी ही मुलं तिसऱ्यांदा ताट पुढे करतात. शनिवारी दुपारी काहीजण वाढलेल्यातलं अर्धं डब्यात भरून नेतात, कारण भट्टीवर धाकटं भावंड असतं.

इथे मदत करणाऱ्यांची कमी नाही. नव्या सोसायट्या झाल्यात, तिथली माणसं वाढदिवसाला बिस्किटं, वडापाव घेऊन येतात. मनापासून येतात. पण दुसऱ्या दिवशी मुलांची अवस्था तीच. म्हणून विचारते: गावाने किंवा सोसायटीने नेमकं काय केलं तर या घरांतल्या मुलांना सगळा हंगाम नीट खायला मिळेल? आणि त्यांच्या आईबापांवर कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये. ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा.

सह्यकडा

महत्त्वाचा विषय. वाचतोय. मी त्याच भागात राहतो.

रोखठोक

थोडं अप्रिय लिहितो, राग मानू नका. रेशनवर धान्य फुकट आहे. शाळेत खिचडी आहे. अंगणवाडीत आहार आहे. एवढं असताना मूल उपाशी राहतं म्हणजे घरातच काहीतरी बिघडलेलं आहे. संध्याकाळी भट्टीवर दारू चालते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी त्यावर बोला.

भोंग्यातला

रोखठोक भाऊ, माझं बालपण भट्टीवर गेलं. भोंग्यात, म्हणजे कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेल्या खोपटात. आता नोकरी करतो. दारू असते, मी नाही म्हणत नाही. पण मूल उपाशी का राहतं ते ऐका.

पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात, घरातलं भात आणि नागली संपते. तेव्हा आजारपणासाठी, लग्नासाठी, नाहीतर नुसत्या खाण्यासाठी शेठकडून उचल घेतली जाते. दिवाळीनंतर ती फेडायला अख्खं घर भट्टीवर जातं. हातात मजुरी येत नाही, आठवड्याला खर्ची मिळते. त्यात तांदूळ, तेल, मिरची, मीठ भागवायचं. उरलेला हिशोब हंगाम संपल्यावर. खर्ची किती द्यायची ते शेठ ठरवतो. पाऊस आला, विटा भिजल्या की तो आठवडा कोरडा.

आता आईचा दिवस बघा. विटा पाडायचं काम पहाटे दोन-तीनला सुरू होतं, कारण उन्हात होत नाही. ती चिखलात असते तेव्हा दोन वर्षांचं पोर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. चूल एकदाच पेटते, कधी दोनदा. त्या वेळी पोर झोपलं असेल तर त्याचं जेवण गेलं. मधे रडायला लागलं की भट्टीजवळच्या टपरीवरचं पाच रुपयांचं पाकीट. ते हातात पडलं की पोर गप्प बसतं आणि आई कामाला लागते. याला आईची हयगय म्हणाल तर माझी आई हयगय करणारी होती. तशी ती नव्हती.

पारिजातक

भोंग्यातला, तुमचा प्रतिसाद सावकाश दोनदा वाचला. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

हिरवा_फेटा

+१. आणि उचल फिटत नाही तोवर भट्टी सोडता येत नसेल तर ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने तिला बंदी आहे. आहाराच्या चर्चेत हा मुद्दा बाजूला राहू नये.

मेळघाटची_सिस्टर

मी धारणी-चिखलदऱ्यात बरीच वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. वरच्या प्रतिसादात आजाराचं मूळच सांगितलंय. लहान मुलाचं पोट लहान असतं. त्याला दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं लागतं. एकदाच चूल पेटणाऱ्या घरात ताटलीभर भात असला तरी त्याला पुरेसं मिळत नाही, आणि भाताबरोबर डाळ नाही, तेल नाही, अंडं नाही.

उपाशी मूल हडकलेलंच दिसेल असं समजू नका. पुष्कळ मुलं नुसती वयापेक्षा लहान वाटतात, लोक म्हणतात अंगकाठीच तशी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी निघाली. हा आकडा सगळ्या राज्याचा आहे, नुसता आदिवासी तालुक्यांचा नाही. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळतो तो जेमतेम ११ टक्क्यांना. तेवीस महिन्यांपर्यंतचं हे वय शाळेच्या खिचडीत येतच नाही. ताई, तुमच्या शाळेतून डब्यात भरून जाणारी खिचडी नेमकी याच वयाच्या मुलासाठी जातेय.

एक काम कुणालाही शिकता येतं. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी अंगणवाडीत, आशाताईकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. त्याला खाऊ देऊन थांबू नका. साडेअकरा ते साडेबारामध्ये असेल तर अंगणवाडीताईला कळवा.

हिशोबनीस

रेशनबद्दल. मी पुरवठा विभागाशी संबंधित काम करत होतो, म्हणून थोडं तपशीलवार.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. पण माणशी म्हणजे कार्डावर नाव असलेल्या माणशी. मूल जन्मून तीन-चार वर्षं झाली तरी नाव चढलेलं नसतं, कारण जन्मदाखला नाही, आधार नाही, तालुक्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. आता ई-केवायसी, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवणं, आलंय. त्यात कामावर गेलेल्या माणसांचीच नावं अडकतात.

दुसरं, राज्यात कुठल्याही रेशन दुकानातून अंगठा लावून धान्य उचलता येतं. मोखाड्याचं कार्ड वाड्यात चालतं. कुटुंबाने थोडं इथे घ्यावं आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी उरलेलं तिथे, असंही करता येतं. हे भट्टीवर फारसं कुणाला माहीत नसतं. माहीत असलं तरी दुकानदार 'तुमचा कोटा इथे नाही' म्हणून परत पाठवतो. अशा वेळी १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते. एकट्या मजुराने फोन केला तर पुढे काय होईल सांगता येत नाही. पण गावातले चार जाणते लोक त्याच्याबरोबर दुकानात उभे राहिले तर बहुतेकदा तक्रार करायची वेळच येत नाही.

रोखठोक

हिशोबनीस, ही माहिती कामाची आहे. भोंग्यातला, तुमच्या आईबद्दल मी काही म्हणत नव्हतो. तरी दारूचा मुद्दा मी सोडत नाही. खर्ची बापाच्या हातात पडते की आईच्या, याने फरक पडतोच.

भोंग्यातला

तो फरक पडतो, मान्य. आमच्या भट्टीवर काही बायकांनी शेठला सांगून खर्ची आपल्या हातात घ्यायला सुरुवात केली होती. तुमचा मुद्दा त्या बायकांनी आधीच ओळखला होता.

आजीची_शिदोरी

मला बहात्तरचा दुष्काळ आठवतो. मी सोलापूर जिल्ह्यातली, तेव्हा शाळकरी होते. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापली की तुटायची. आणि सुकडी वाटायचे. ती सुकडी मी फ्रॉकच्या खिशात भरून घरी न्यायचे, भावासाठी. नागलीभाकर ताई, तुमच्या डबा नेणाऱ्या मुलांना रागावू नका हो.

नागलीभाकर

नाही आजी, रागवत नाही. डबा आणायला मीच सांगते.

कोल्हापुरी_चप्पल

सुकडी! आमच्या अंगणवाडीत ऐंशीच्या दशकातही मिळायची. बाई वाटत असताना मी रांगेत पुन्हा मागे जाऊन उभा राहायचो. बाईंना ते कळायचं आणि त्या तरी द्यायच्या. आता असली माणुसकी ॲपमध्ये बसते का कुणास ठाऊक.

पारिजातक

आजी, सुकडी नक्की कशी असायची? भाजलेली कणीक आणि गूळ?

आजीची_शिदोरी

तशीच काहीशी, कोरडी, भरड. पाण्याबरोबर खायची. घरी केलीस तर तूप घाल, तेव्हा नव्हतं.

कुपर्टिनोची_सई

इथे कॅलिफोर्नियातलं सांगते. २०२२-२३ पासून सगळ्या सरकारी शाळांत सगळ्या मुलांना नाश्ता आणि जेवण मोफत आहे, उत्पन्न न विचारता. त्याआधी सवलतीचं जेवण कुणाचं ते मुलांना कळायचं, आणि जेवणाचे पैसे थकले म्हणून मुलांना लाज वाटायची. आता सगळेच एका रांगेत. मूळ प्रश्नात हात पसरण्याचा मुद्दा होता म्हणून लिहिलं.

अजून एक. अमेरिकेचं कृषी खातं घरातल्या अन्नाच्या तुटवड्याचं सर्वेक्षण करायचं, २०२५ मध्ये त्याचे पुढचे अहवाल बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुलं असलेल्या घरासाठी त्यात १८ प्रश्न असायचे. महिनाअखेरीची चिंता, पैसे नाहीत म्हणून मोठ्यांनी जेवण कमी करणं, मग मुलांचं कमी करणं, अशा चढत्या क्रमाने. आधी आईचं ताट कमी होतं, मुलाचं सगळ्यात शेवटी. म्हणजे मुलाचं वजन घटलेलं दिसतं तोवर त्या घराने बरंच सोसलेलं असतं.

मांबलमकर

चेन्नईहून. तामिळनाडूत मुख्यमंत्री कामराजांनी पन्नासच्या दशकात शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं, नंतरचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी १९८२ मध्ये ते फार मोठं केलं आणि सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ताही आहे. उपमा, खिचडी, पोंगल. माझ्या घरी काम करणाऱ्या अम्मांची नात त्याच शाळेत जाते. अम्मा पहाटेच कामाला निघतात, तरी पोर उपाशी शाळेत जात नाही. तुमच्या भट्टीवरची आई पहाटे दोनला चिखलात असेल, तर नाश्ता हीच मोठी गरज आहे.

हिरवा_फेटा

आपल्याकडे उलटं चाललंय. २०२३-२४ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी बंद केला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं.

शाकाहारी_मी

अंडं न खाणाऱ्यांना केळं होतंच की. तरी त्यावर एवढा वाद का झाला? मी स्वतः अंडं खात नाही, पण ज्याच्या घरी चालतं त्याला मिळावं.

रोखठोक

याच्याशी शंभर टक्के सहमत.

अंगणवाडीताई

मी ठाणे जिल्ह्यात अंगणवाडी चालवते. उशिरा लिहितेय, दिवसभर वेळ मिळत नाही.

भट्टीवरच्या मुलांना आम्ही आहार देऊ शकतो. कुटुंब कुठल्याही गावचं असो, स्थलांतर होऊन आलेल्या मुलाची नोंद इथल्या अंगणवाडीत करता येते. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा कोरडा आहार, तीन ते सहाच्यांना गरम शिजवलेला. २०१३ च्या कायद्यात रोजचे ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं धरली होती. हे सगळं कागदावर.

भट्टी गावापासून दोन-तीन किलोमीटर. तीन वर्षांचं मूल चालत येणार नाही, आईला आणायला वेळ नाही. मी गेले तर इथली मुलं मदतनीस एकटी सांभाळणार. कोरडा आहार द्यायला आता मोबाइलमध्ये आईचा चेहरा जुळावा लागतो, आणि भट्टीवर रेंज नाही. मूळ गावातून नोंद हलवली नसेल तर इथे घेताना अडतं. आम्हाला कुणी कामचुकार म्हणतं तेव्हा फार वाईट वाटतं.

नागलीभाकर ताई, तुमच्या सोसायटीवाल्यांना तुम्ही विचारलंत तर माझं उत्तर असं आहे. वडापाव नको. एक रिक्षा द्या, जी सकाळी भट्टीवरून मुलं आणेल आणि दुपारी पोचवेल. नाहीतर भट्टीवर एक शेड द्या, पाण्याची टाकी द्या, आणि भट्टीवरच्याच एका बाईला पगार द्या, जी लहान मुलं सांभाळून दिवसातून तीनदा खायला घालेल. आहार मी आणून देईन.

मेळघाटची_सिस्टर

ताईंना दंडवत. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने हेच केलं. फुलवारी म्हणतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी पाड्यातच पाळणाघर, सांभाळायला गावातलीच बाई, दिवसभरात सत्तू, खिचडी. आई निर्धास्त कामाला जाते, आणि मोठी बहीण शाळेत जाते. भोंग्यातला यांनी लिहिलेली सात-आठ वर्षांची बहीण आठवा.

भोंग्यातला

ती बहीण माझी होती. ती शाळेत गेली नाही, मी गेलो. आमच्या भागात नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच भोंगा शाळा चालवल्या होत्या. शाळा भट्टीवर नेता येते, तर पाळणाघरही नेता येईल.

कलम_एकवीस

वकिलाची भर. डिसेंबर २००६ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. एका भट्टीवर ४० मुलं नसतील, पण शेजारच्या चार-पाच भट्ट्या मिळून सहज होतील. ग्रामपंचायतीने मुलांची यादी करून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना अर्ज द्यावा, पोच घ्यावी. अर्ज दिवाळीनंतर लगेच, कारण मेमध्ये वस्ती उठलेली असेल.

सुट्टीबद्दल: त्याच खटल्यात २००४ च्या आदेशानुसार दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेचं जेवण द्यायचं आहे. तुमचा तालुका दुष्काळी जाहीर झाला नसेल तर हे लागू नाही, आणि मग रविवार आणि सुट्ट्या गावालाच भराव्या लागतील.

कोल्हापुरी_चप्पल

मग सोसायट्यांचे वाढदिवस रविवारी साजरे करायला लावा की! केक घरी कापा, अंडी भट्टीवर.

शाकाहारी_मी

आणि ज्यांना नको त्यांना केळी :)

नागलीभाकर

सगळ्यांचे प्रतिसाद मी मुख्याध्यापकांना आणि उपसरपंचबाईंना वाचून दाखवले. कोल्हापुरी चप्पल, तुमची गंमत आम्ही गंभीरपणे घेतलीय. सरकारच्या स्नेहभोजन योजनेत शाळेत वाढदिवसाचं जेवण देता येतंच, पण शाळेत मुलं आधीच जेवतात. म्हणून सोसायटीला सांगणार आहोत की शाळेच्या दिवशी काही आणू नका, रविवार आणि सुट्ट्या तुमच्या.

पुढचं असं ठरतंय. हंगाम सुरू झाला की पहिल्या आठवड्यात आम्ही शिक्षक आणि आशाताई भट्ट्यांवर यादी करणार: सहा वर्षांखालची मुलं, दंडाचा घेर, रेशनकार्डावर नाव आहे की नाही. यादी अंगणवाडीत आणि पंचायतीत. ज्यांची नावं नाहीत त्यांच्यासाठी दाखल्यांचं शिबिर भट्टीवरच, संध्याकाळी, म्हणजे मजुरी बुडणार नाही. रेशन दुकानदाराशी उपसरपंचबाई आधीच बोलणार आहेत. लहान मुलांच्या पाळणाघरासाठी एका भट्टीमालकाने शेडला जागा द्यायची तयारी दाखवलीय, बाकीचे अजून हो म्हणत नाहीत.

हिशोब: पाळणाघरात वीस मुलं धरली, आठवड्याला प्रत्येकी चार अंडी, अंडं सात रुपयांना, तर आठवड्याला ५६० रुपये. सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराची सोय अजून व्हायची आहे.

रोखठोक

पगाराचे दोन महिने माझ्याकडे लिहा. अट एकच, बाई भट्टीवरचीच असावी आणि पैसे तिच्या हातात जावेत.

भोंग्यातला

मालक शेडला नाही म्हणत असतील तर त्यांना एकच सांगा. पोर रडत नसेल तर आई मधे उठत नाही, विटा जास्त पडतात. शेठला हे लगेच कळतं. आणि पगार घेणाऱ्या बाईच्या घरच्या उचलीत तो पैसा वळता होणार नाही, हे आधीच त्याच्याकडून कबूल करून घ्या. ते राहिलं तर बाकी सगळं फुकट जाईल.

नागलीभाकर

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. लिहून घेतलं. सिस्टर, एक वर्षाच्या आतल्या मुलांना अंडं कसं द्यायचं?

मेळघाटची_सिस्टर

सहा महिने पूर्ण झाले की चालतं. पूर्ण उकडलेलं, कुस्करून, मऊ भातात किंवा वरणात कालवून. पहिल्यांदा चमचाभर, अंगावर काही उठत नाही ना ते बघायचं, मग वाढवायचं. भातावर अर्धा चमचा तेल घाला. हात धुवायला साबण शेडमध्येच बांधून ठेवा, नाहीतर खाल्लेलं जुलाबात जातं. आणि अंगावरचं दूध चालूच राहू दे, त्यासाठी आईला कामातून मधे सोडावं लागेल, तेही शेठशी आत्ताच बोला.

सह्यकडा

ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आमच्या सोसायटीत तीन रिक्षावाले आहेत, सकाळच्या फेरीचं विचारून बघितलं. एक तयार आहे, डिझेलचे पैसे सोसायटी देईल. भट्टी ते अंगणवाडी रस्ता पावसाळ्यानंतर कसा असतो ते कळवा, कारण तो म्हणतोय मोठे खड्डे असतील तर लहान मुलं घेऊन जाणार नाही.